रात्रीपुरती लक्ष्मी

॥ श्री ॥

सारंगखेडा,
दि. २४ मार्च २०२५

चि. रूपचंद यास,

तापीजिजीचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण भाऊ, क्षेमही नाही आणि कुशलही नाही. जीव सुपात आहे. जात्यात कधी पडेल ते सांगता येत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. आमच्या भाऊबंदातला गोकुळ म्हणाला की सरकारचं एकदा एखाद्यावर लक्ष गेलं की त्याचं फोनवरचं बोलणं तिकडे ऐकू जातं. खरंखोटं तो जाणे. मी फोन बंद करून गव्हाच्या कोठीत पुरून ठेवलाय. माझा पोरगा भूपेंद्र मला हसला, पण दुसऱ्या दिवसापासून तोही फोनवर बोलायला केळीच्या बागेत जातो आणि आईला सर्दी झालीय एवढंच बोलून परत येतो.

गोष्ट अशी झाली. पोस्टमन माझ्या नावाचं जाड पाकीट घेऊन आला. मला वाटलं, तुझ्या कामिनीने स्वीडनहून तुझ्या नातीचे फोटो पाठवले असतील. हौसेने सही केली. खताच्या गोण्यांवरची अक्षरं लावत लावत शिकलेली सही ती, कुणी मागितली की मला अजून आनंदच होतो. भूपेंद्रने पाकीट फोडलं आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं. इन्कमटॅक्सची नोटीस. तीन-चार वर्षांपूर्वी तुमच्या खात्यात एवढी मोठी रोकड भरली, तुम्ही कधी विवरणपत्र भरलं नाही, हा पैसा कुठला याचा खुलासा करा, नाहीतर पुढची कारवाई. भूपेंद्रने ते 'कारवाई' इतकं हळू वाचलं की मी त्याला दोनदा वाचायला लावलं.

आमच्या घरची रीत तू जाणतोस, तरी लिहिते, कारण मलाच ती एकदा नीट मांडून बघायची आहे. सासूबाईंच्या काळापासून आमच्या भाऊबंदातल्या सातही घरांत पिकाचा पहिला पैसा आला की तो थोरल्या सुनेच्या पदरात टाकायचा. तिने हळदकुंकू वाहायचं, एक रात्र आपल्या कोठीत ठेवायचा आणि सकाळी ज्याचा त्याला द्यायचा. लक्ष्मी एक रात्र पाहुणी राहिली की वर्षभर त्या घरी टिकते म्हणतात. सासूबाईंनंतर तो मान माझ्याकडे आला. पुढे पैसा वाढला, चोऱ्या वाढल्या. तेव्हा भूपेंद्रच म्हणाला की रोकड घरात नको, आईच्या बँकेच्या खात्यात टाकू आणि दुसऱ्या दिवशी काढू. हळद मी पासबुकाला लावायची. सगळ्यांना सोयीचं वाटलं. कापसाचा, केळीचा, सगळ्यांचा पैसा माझ्या खात्यात एक रात्र झोपून जायचा. बँकेने पॅन कार्ड मागितलं म्हणून तेही काढलं. त्यातल्या फोटोत मी चोरासारखी दिसते असं तेव्हाच म्हणाले होते.

आता ते सगळं माझं आहे असं सरकारला वाटतंय. काल बॅरेजवरच्या पाटबंधारे खात्याची जीप गल्लीत वळली. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या आड उभी राहिले. जीपवाला प्यायला पाणी मागायला आला होता. सुनेने पाणी दिलं, मला हाका मारल्या, मी ओ दिली नाही. म्हैस माझ्याकडे वळून वळून बघत होती, जणू तीच जबाब घेणार.

तू सरकारी नोकरीत आयुष्य काढलंस. लहान भाऊ असलास तरी या कामापुरता मोठा हो आणि ये. येताना काही आणू नकोस, फक्त ये.

माया आहे ती तशीच ठेव.

तुझी जिजी,
तापीबाई


धुळे,
दि. २८ मार्च २०२५

ती. स्व. जिजीस,

रूपचंदचा सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हसू जिरलं. म्हशीला माझा नमस्कार सांग. तिने तुझा पत्ता दिला नाही, हे तिचे उपकार.

जिजी, बँक म्हणजे तुझ्या सासूबाईंचा पदर नव्हे. पदरात काय पडलं ते पदर कुणाला सांगत नाही, बँकेला मात्र सांगावं लागतं. वर्षभरात ठरावीक रकमेवर रोकड भरली की वर खबर जाते, आणि कार्डामुळे ती बरोबर तुझ्या नावावर जाऊन बसते. त्यात कुणी तुझ्यावर डूख धरलेला नाही. यंत्राने विचारलंय, आपण उत्तर द्यायचं.

रागावू नकोस, पण थोडं बोलतो. मी वीज मंडळात होतो तेव्हा दर फेब्रुवारीचा पगार टॅक्स कापून कापून चिंधीएवढा व्हायचा. मी तोंड पाडून गावी यायचो आणि तुम्ही सगळे ओट्यावर बसून हसायचात, की रूपचंदला सरकारने सोलला, आपण शेतकरी, आपल्याला कसला टॅक्स. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही हे खरंच आहे. पण नाही म्हणजे कुणी विचारणारच नाही, असं तुम्ही धरून चाललात.

कामिनीकडे तर उलटीच तऱ्हा. तिथे सरकारच वर्षाचा हिशेब मांडून पाठवतं. ती वाचते आणि फोनवर बोट टेकवून बरोबर आहे म्हणते, की झालं. शेजाऱ्याची कमाई किती हे कुणीही विचारू शकतं. मी तिला म्हटलं, अगं, लाज नाही वाटत? ती म्हणाली, त्यातूनच पोरीची शाळा चालते, त्यातूनच मी आजारी पडले तेव्हा दवाखाना झाला, लाज कसली?

तर भिऊ नकोस. खुलासा मागितला म्हणून कुणी बेड्या घालत नाही. शहाद्याला एखादा चांगला कर सल्लागार बघा आणि जे खरं ते सांगा. खऱ्याला मरण नाही.

मी येणारच होतो, पण हिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. थेंब घालायला मीच. पुढच्या आठवड्यात बघतो.

लोभ कमी करू नकोस, रागावलीस तरी.

तुझा,
रूपचंद


॥ श्री ॥

सारंगखेडा,
दि. ५ एप्रिल २०२५

चि. रूपचंद यास,

जिजीचे आशीर्वाद. वहिनीचा डोळा बरा होवो. तिला म्हणावं, बरा झाला की पहिल्यांदा नवऱ्याकडे नको बघूस, दचकशील.

तू टॅक्स भरलास असं मोठ्या तोऱ्यात लिहिलंस. अरे, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेला माणूस केस दान केले म्हणतो का? तुझा कापला, तू दिला नाहीस. देणं वेगळं. आपल्याकडे देत नाहीत असं नाही. सप्ताहाची वर्गणी देताना बघ, लाऊडस्पीकरवर नाव पुकारतात तर ज्याच्या घरी तेल नाही तोही नोट काढतो. सरकारला दिलेलं मात्र नदीच्या पुरात टाकल्यासारखं, ना नाव ना गाव. म्हणून झाकतात. कमाई आणि कंबर उघडी टाकू नये, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलंय. कामिनीचं ऐकून मी थक्क झाले. मग सुनेला गंमत म्हणून विचारलं की आपल्या गल्लीत सगळ्यांची कमाई भिंतीवर लिहिली तर? ती म्हणाली, निम्म्या सोयरिकी मोडतील.

बरं, मूळ गोष्ट. परवा शहाद्याला गेलो. मी, भूपेंद्र आणि माझा पुतण्या योगेंद्र. योगेंद्रचं तिथे खताबियाण्याचं दुकान आहे, त्याच्याच ओळखीचा सल्लागार. ऊन असं की एसटीतून रस्ता हलताना दिसावा. सल्लागार सज्जन दिसला. त्याने खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरसारखे कागद चाळले आणि म्हणाला, आजी, यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या नावे बागायती आहे. हे सगळं माझ्या केळीचं आणि कापसाचं उत्पन्न आहे असं लिहून देऊ. जमिनीच्या मानाने आकडा फुगलेला दिसतो, पण ओढूनताणून बसवू. शेतीला कर नाही. कुणाचं नाव यायला नको, कुणाला त्रास नको.

खोलीतली हवाच बदलली. भूपेंद्रने कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला. योगेंद्रने खाली जाऊन सगळ्यांसाठी उसाचा रस आणला. मी पेला तसाच खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, सही नंतर करते, आज अमावास्या आहे. अमावास्या होऊन गेली होती, पण तिथे कुणाला ठाऊक?

भाऊ, तूच सांग. ती लक्ष्मी माझ्याकडे विश्वासाने एक रात्र निजायला आली. लोकांच्या लेकी आपल्या घरी मुक्कामाला येतात, त्यांची आपण आपल्या म्हणून लग्नं लावून देतो का? आजवर त्यातली एक नोट मी मोडली नाही. आणि आता सरकारच्या कागदावर लिहून देऊ की सगळं माझं?

योगेंद्रला एवढी घाई का, तेही कळलं. घरी येताना मला आठवलं की त्या साली त्याचं वावर पडीक होतं. पीकच नव्हतं, तरी त्याने तीन वेळा पैसा ठेवायला आणला होता. हळदकुंकू मीच वाहिलं. मी त्याला गोठ्यात एकटं गाठून विचारलं. तो आधी उसळला, मग म्हशीच्या गव्हाणीवर बसून रडायला लागला. तो दुकानाचा पैसा होता. बिलाशिवाय विकलेल्या मालाचा. माझ्या खात्यातून गेला की शेतीचा दिसेल असं त्याला कुणीतरी शिकवलं होतं. मोठी माय, तू फक्त सही कर, सगळं बुजून जाईल, असं म्हणत राहिला.

त्याला मी या हातांनी काजळ घातलंय. सही केली तर खोटी ठरते. नाही केली तर त्याला बुडवते. आणि काहीच केलं नाही तर मुदत संपते. सगळीकडून भीतीच आहे. तू ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

पाठीवर हात असू दे.

जिजी


धुळे,
दि. १० एप्रिल २०२५

ती. स्व. जिजीस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं आणि हिच्या हाती लागू नये म्हणून फाडलं. तूही माझी पत्रं ठेवू नकोस.

मी खूप विचार केला. सल्लागार या विषयात मुरलेला आहे. तो म्हणतो तर तसं कर. सही करून मोकळी हो. मी मागे खरं सांग असं लिहिलं होतं, पण तेव्हा योगेंद्रचं ठाऊक नव्हतं. दुकान, बिलं, त्यात आपण पडू नये. तुझं वय बघ. चौकशी लागली, कुणी जबाब मागितला, तर झेपेल का तुला? खरं-खोटं करायला देव आहे.

आणखी एक. कुठल्या कागदावर, कुठल्या बोलण्यात माझं नाव घेऊ नकोस. मी सल्ला दिला असंही म्हणू नकोस. आपलं आहे ते एवढं पेन्शनचं खातं. बाकी काही नाही, पण उगीच.

येणं या आठवड्यात जमेलसं दिसत नाही. हिचा डोळा लाल आहे. शिवाय माझा गुडघा.

काळजी घे. राग धरू नकोस.

रूपचंद


॥ श्री ॥

सारंगखेडा,
दि. १८ एप्रिल २०२५

चि. रूपचंद यास,

आशीर्वाद. तुझं पत्र चुलीत घातलं, तुझ्या इच्छेप्रमाणे. जळताना मला वाटलं, जन्मभर टॅक्स भरणारा माझा भाऊ, त्याचा कागद आधी पेट घेतो आणि न भरणाऱ्यांचे तसेच पडून आहेत. मी तुझ्यावर रागावले नाही. तू घाबरलास. डोळा वहिनीचा लाल झाला आणि भीती तुला वाटली. आपण दोघं एकाच आईची पोरं, मला कळायला हवं होतं.

इथलं ऐक. भरदुपारी माझी जाऊ भिकुबाई आली, योगेंद्रची आई. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, मी शिकवली. त्या बाईने उंबऱ्यातच माझे पाय धरले. मन्हा पोऱ्यानं नाव लेऊ नको, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी उठवत होते आणि ती उठत नव्हती. शेवटी मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. दोघी म्हाताऱ्या, दाराशी. पोस्टमन आला असता तर पळाला असता.

दुसऱ्या दिवशी योगेंद्रने नवीन तोड काढली. ओळखीच्या डॉक्टरकडून लिहून घेऊ की म्हातारीला विसर पडतो, हिला कसलंच भान नाही. मग सही नको, खुलासा नको. मी भूपेंद्रकडे बघितलं. माझा पोरगा खाली मान घालून बैलगाडीच्या जुन्या चाकाकडे बघत राहिला. भाऊ, नोटीस आली तेव्हा घाबरले नव्हते एवढी मी तेव्हा घाबरले. एकदा कागदावर भ्रमिष्ट ठरले की संपलंच. उद्या मी पाणी मागितलं तरी म्हणतील, आत्ताच तर प्यालीस. माझ्या पदरात पैसा टाकणारी सात घरं, त्यांचा विश्वास या डोक्यावर होता. तेच डोकं काढून घ्यायला निघाले.

मग मी उठले. पातळ बदललं आणि गल्लीत निघाले, एकेका घरी. नोटीस आल्यापासून योगेंद्र आणि भिकुबाई सोडून आमच्या दारात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. समोरून आले तर मान वळवायचे, जणू मला गोवर झालाय. पहिल्या दोन घरांत मला बघून आतून कडी लागली. तिसरं घर गोकुळचं. तो ओसरीवरच होता, पळायला जागा नव्हती. मी त्याला सांगितलं की तू पैसा रात्रीपुरता ठेवलास असं लिहून दे, कापसाच्या पावत्या जोड, तुला शेतीचा कर लागत नाही, तुझं काही जात नाही. तो नाही म्हणाला. सरकारच्या कागदावर त्याला नाव नको. मी म्हटलं ठीक आहे, मग सगळं माझं असं मी लिहून देते. आणि निघाले.

चार पावलं गेले नाही तर मागून हाक आली. गोकुळ पुढे येऊन विचारू लागला की म्हणजे माझा सालभराचा कापूस सरकारी कागदावर तुझा होईल? मी म्हटलं, होईल. तो म्हणाला, तू खाणार नाहीस ठाऊक आहे, पण तुझ्यामागे तुझ्या नातवांनी तो कागद काढला तर? मी म्हटलं, ते मी कसं सांगू, मला तर विसर पडतो म्हणतात. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते बघायला तू हवा होतास! त्याने ते गल्लीभर केलं आणि संध्याकाळच्या आत योगेंद्रचं सोडून बाकीची सहाही घरं पावत्या आणि सातबारे घेऊन माझ्या अंगणात. खऱ्यासाठी नाही आली, भाऊ. एका भीतीपेक्षा दुसरी मोठी निघाली म्हणून आली. पण आली. त्यांनी ठेव ठेवल्याचं लिहून दिलं, तहसीलला जाऊन शपथेवर सह्या केल्या.

राहिला योगेंद्र. तो आला नाही. मी सल्लागाराला सांगितलं की खुलाशात लिहा, हा उरलेला पैसाही माझा नाही, घरातल्या माणसाचा आहे, त्याचं नाव मी सांगणार नाही, त्यावरचा कर आणि दंड माझ्याकडून घ्या. सल्लागाराने चष्मा काढला. म्हणाला, नाव न सांगता पैसा कुठला ते लपवलंत तर निम्म्याहून जास्त रक्कम कापून घेतील, वर दंड. मी म्हटलं, माझ्या हातात पाटल्या आहेत आणि विहिरीजवळचा तुकडा आहे. माझ्या तोंडून हे निघालं खरं, पण जिन्यावरून भूपेंद्रने मला लहान पोरासारखं धरून उतरवलं. खाली आल्यावर तो एवढंच म्हणाला की आई, डॉक्टरचं ते बोलणं चालू होतं तेव्हा मी गप्प बसायला नको होतं.

येत्या शुक्रवारी खुलासा जाणार. पाटल्या काढल्या आहेत. मनगट इतकं हलकं लागतं की मध्येच मी हात धरून बघते, आहे ना म्हणून.

आता ये असं लिहीत नाही. भीत भीत येऊ नकोस.

तुझी,
तापीबाई


॥ श्री ॥

सारंगखेडा,
दि. १२ जून २०२५

चि. रूपचंद यास,

अनेक आशीर्वाद. मधे पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला हात धजेना. आज लिहिते.

काल उत्तर आलं. भूपेंद्रने वाचलं, मी वाचलं, मग सुनेने वाचलं. खुलासा मान्य, पुढे काही करण्याचं कारण नाही. भूपेंद्रने फोन कोठीतून काढला, त्यात गव्हाचे किडे निघाले. मला पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. का, ते सांगते, आणि तेच सांगायला हे पत्र आहे.

खुलासा जायच्या आतच पाटल्यांची गोष्ट सुनेच्या तोंडून भिकुबाईला कळली. ती मला काही बोलली नाही. सकाळच्या एसटीने शहाद्याला गेली आणि योगेंद्रच्या दुकानात काउंटरसमोर खताच्या गोणीवर जाऊन बसली. तो म्हणाला, माय, घरी जाय. ती हलेना. येणारं गिऱ्हाईक विचारी की आजी इथे का बसलीत, तर ती प्रत्येकाला सांगायची की मन्हा पोऱ्याना टॅक्स मन्ही जेठानी भरी ऱ्हायनी, तिन्हा पाटल्या विकी. तो कबूल करस तवलग मी आठेच बठसू. पोराचा टॅक्स मी पाटल्या विकून भरते हे सगळ्यांना ऐकवायचं आणि तो कबूल करेपर्यंत तिथून उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. गिऱ्हाईक हसत, कुणी चहा आणून देई. दुपारपर्यंत बाजारभर झालं. योगेंद्रने शटर अर्धं ओढलं आणि तिला घेऊन सल्लागाराकडे गेला. मागचं राहिलेलं विवरणपत्र उशिरा भरायची सोय असते म्हणे, ती त्याने वापरली. कर, व्याज, वरचा भुर्दंड, सगळं. आणि माझ्या खात्यात ठेवलेला तो पैसा स्वतःचाच होता असं सही करून दिलं. त्यासाठी दुकानाची मालाची गाडी विकावी लागली. आता तो भाड्याच्या रिक्षाने गोण्या आणतो आणि बाजारात त्याला पोरं टॅक्सवाला शेठ म्हणून हाक मारतात.

मी सल्लागाराला विचारलं की सगळ्यांचं झालं, माझ्या स्वतःचं देणं किती? तो हसला. म्हणाला, आजी, तुमची नुसती शेती, तुमच्याकडे काही निघत नाही. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण लग्नाला जाऊन पंगतीत जेवावं आणि आहेर कुणी घेईना, तसं वाटलं. त्याला म्हटलं, काही निघत नसलं तरी दरसाल माझा कागद भरत जा. कुणी विचारलं तर लपायला म्हैस पुरत नाही.

भाऊबंदातली रीत संपली म्हण. नव्या केळीचा पैसा ज्याच्या त्याच्या खात्यात परस्पर जातो. हळदकुंकवाला कुणी आलं नाही. बरंच झालं.

पण भिकुबाई बोलत नाही. मी उत्तर आल्याचा पेढा पाठवला तर तिच्या नातीच्या, काजलच्या हाती तसाच परत आला, आणि निरोप आला. काजलने सांगितला तसा लिहिते. तुझ्या पाटल्या वाचल्या, तुझं खरं वाचलं. मी मात्र पोटच्या पोराला भर बाजारात उघडं केलं, माझ्या हाताने. माझं काय वाचलं?

भाऊ, याला मी काय उत्तर देऊ? ती म्हणते ते खोटं नाही. मी त्याचं नाव घेतलं नाही म्हणून मनात मोठी झाले होते. नाव घ्यायचं काम मी तिच्यावर ढकललं. तिचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रोज पाणी भरायला निघते, तिच्या ओसरीपर्यंत जाते आणि वळून परत येते. सरकारची भीती गेली, इन्कमटॅक्सची गेली, जीपवाल्याला मी स्वतः पाणी नेऊन दिलं. आणि त्या तीन पायऱ्या चढायला माझे पाय होत नाहीत. ती आत भाकरी थापते तो आवाज ऐकू येतो. मी शिकवलेला आवाज, ओळखते मी.

आता मात्र ये म्हणते. एकटीने जाववत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जिजी,
तापीबाई


धुळे,
दि. १६ जून २०२५

ती. स्व. जिजीस,

सा. न. वि. वि. हिचा डोळा एप्रिलमध्येच बरा झाला होता. गुडघाही चालतो आहे. तुला ठाऊकच असेल.

मी का येत नव्हतो तेही तुला ठाऊक आहे, पण माझ्या हाताने लिहितो. टॅक्स कापून घेणाऱ्याला मी जन्मभर हिशेब दिला, कारण तो मागायच्या आधीच कापला जायचा. स्वतः उभं राहून खरं सांगायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. ती तुझ्यावर आली आणि तुझ्या शेजारी उभं राहायची वेळ माझ्यावर आली, तर मी पेन्शनचं पासबुक उशाखाली घेऊन झोपलो. वाचलेल्यांत मीही एक आहे जिजी, भिकुबाईंना हेही सांगायला हवं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. सामान घरात ठेवायचं नाही, चहा घ्यायचा नाही, थेट तिकडेच जायचं. भिकुबाईंच्या पायऱ्या मी पुढे होऊन चढेन, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. तू पुढे चढ. मी मागे आहे.

येईपर्यंत जीव सांभाळ, आल्यावर शिव्या दे.

तुझा,
रूपचंद